पितळेचा कागद

नेवाशाच्या पेठेत कासाराच्या दुकानात उभं राहिलं की एक प्रश्न हमखास कानावर पडतो, "मोड किती भरली?" लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला आलेली बाई पिशवीतून पोचे पडलेला जुना हंडा काढते, दुकानदार तो काट्यावर ठेवतो, आणि जुन्या पितळेच्या वजनातून नव्या घागरीची किंमत वजा होते. घरातली अशीच थोडी मोड घेऊन मी गेलो होतो. पातेली, एक फुटकी समई, दोन फुलपात्रं. पिशवीच्या तळाशी आणखी एक वस्तू निघाली. ती तिथे कशी आली ते मलाही आठवेना. बोटापेक्षा थोडी लांब, बुडाशी जाड आणि वर गळ्याशी निमुळती होत गेलेली पितळेची पुंगळी. आजोबांकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची रायफल होती. ती त्यांच्यामागे रीतसर जमा झाली. उडालेल्या बाराची ही एक रिकामी पुंगळी तेवढी घरात राहून गेली.

दुकानदारांनी ती उचलली, उजेडात धरली, गळ्यावरून अंगठा फिरवला आणि परत माझ्या हातात दिली. "हे ओतीव नव्हे, दादा. घडीव आहे. गळा बघा कसा ओढलाय. असला घाट मोडीत घालू नये."

त्या एका बोलण्यात घाट, गळा, घडीव, ओतीव आणि मोड असे पाच शब्द आले, आणि पाचही भांड्यांच्या धंद्यातले. बंदुकीच्या जगातला एकही नव्हता. तरी त्या पुंगळीबद्दल जे सांगायचं ते सगळं त्यात आलं. घरी येताना माझ्या डोक्यात काडतूस हा शब्दच घोळत राहिला.

काडतूस आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आलं. चावी, पगार, बटाटा, घमेलं, पाव हे शब्द ज्या गलबतांतून उतरले, त्यांतूनच 'कार्तूशू' हा शब्दही उतरला. त्याचा फ्रेंच भाऊ 'कार्तूश', आणि दोघांचं मूळ इटालियन 'कार्तोच्चो'. त्याचा अर्थ कागदाची गुंडाळी, आपल्या किराणा दुकानातली पुडी. त्याच्याही मागे गेलं की लॅटिन 'कार्ता' आणि ग्रीक 'खार्तेस' लागतात, म्हणजे लिहिण्यासाठी केलेला पपायरसचा पापुद्रा. तेव्हा काडतूस या शब्दाच्या पोटात दारू नाही की शिसं नाही, तिथे निव्वळ कागद आहे.

या कागदाचं गोत फार मोठं आहे. लग्नाचं कार्ड, भिंतीवरचा चार्ट, औषधांचा कार्टन, वर्तमानपत्रातलं कार्टून आणि चार्टर्ड अकाउंटंटमधला चार्टर ही सगळी त्या 'खार्तेस'ची नातवंडं. इजिप्तच्या भिंतींवर राजांची नावं ज्या लांबट चौकटीत कोरलेली असतात, तिलाही 'कार्तूश'च म्हणतात. नेपोलियनबरोबर गेलेल्या फ्रेंच शिपायांना ती चौकट आपल्या कमरपट्ट्यातल्या काडतुसासारखी दिसली, असं सांगतात. हसवणारं कार्टून आणि जीव घेणारं काडतूस एकाच आजीच्या मांडीवर वाढलेत हे कळलं तेव्हा मी कोश मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

कागद तिथे आला कसा? आधी बंदूक नळीच्या तोंडाने भरायची. दारू मोजून ओतायची, वर गोळी टाकायची आणि गजाने ठासायची. लढाईच्या धांदलीत माप चुकायचं, दारू सांडायची. म्हणून एका बाराची दारू आणि गोळी आधीच कागदात गुंडाळून ठेवायची रीत पडली. शिपायाने पुडी दातांनी फाडायची, दारू नळीत ओतायची आणि उरलेला कागद गोळीसकट ठासायचा. 1853 च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलीची पुडी अशीच होती. तिच्या कागदाला वंगण लावलेलं होतं, आणि ते गाईच्या आणि डुकराच्या चरबीचं आहे ही बातमी छावण्यांतून फिरली. 1857 च्या उठावाची कारणं पुष्कळ होती, पण ठिणगी पडली ती या कागदावर. शाळेच्या पुस्तकात 'चरबीची काडतुसं' वाचताना आपल्या डोळ्यांसमोर पितळेची चकचकीत नळी येते. मंगल पांडे यांच्या हातातलं काडतूस मात्र कागदाचं होतं. दाताने फाडायचं ते कागदाचंच असणार.

पितळ त्यानंतर आलं. 1866 मध्ये एडवर्ड बॉक्सर या ब्रिटिश अधिकाऱ्याने स्नायडर बंदुकीसाठी नवं काडतूस सिद्ध केलं. त्यात पितळेचा पातळ पत्रा घेतला होता आणि तो चक्क कागदासारखा गुंडाळला होता. वस्तू बदलली, पण हाताला जुनी सवय होती. कागदाची पुडी बांधणाऱ्या हातांनी पितळेचीही पुडीच बांधली. पुढे गुंडाळी गेली आणि पितळेच्या एका जाड चकतीपासून अखंड नळी ओढून काढायचं तंत्र रुळलं. नाव मात्र कोणी बदललं नाही. कागदाचा कणही उरला नाही तरी काडतूस ते काडतूसच राहिलं.

यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्या स्वयंपाकघरात स्टीलचा तांब्या आहे. शब्द सांगतो तांबं, हाताला लागतं पोलाद, आणि 'तांब्याभर पाणी आण' म्हणताना कोणी अडखळत नाही. शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं. रुपयात रुपं राहिलेलं नाही. वस्तूचं द्रव्य बदलतं, काम तेच राहतं, आणि शब्द कामाला चिकटून राहतो. तांब्या पाणी धरतो तोवर तो तांब्या. काडतूस दारू आणि गोळी एकत्र धरून ठेवतं तोवर ते काडतूस.

आणि दारू उडून गेल्यावर? तेव्हा त्याचं नाव पालटतं, ते पुंगळी होतं. वर्तमानपत्रात 'घटनास्थळी काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या सापडल्या' असं आपण वाचतो. हा शब्द पोर्तुगीजांचा नाही, आपल्या घरचा आहे. पुंगी आणि पुंगळी या दोन्ही शब्दांत पोकळीच भरलेली आहे. लहानपणी हीच पुंगळी खालच्या ओठाला टेकवून मी तिच्या तोंडावरून फुंकर मारायचो आणि तिच्यातून बारीक, लांब शीळ निघायची. पुंगळीची पुंगी व्हायला एक फुंकर पुरायची.

मराठीने या रिकाम्या नळीला स्वतःचं नाव दिलं ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. भरलेली वस्तू परकी होती. ती पलटणीतून, कोठारातून आली, म्हणून तिचं नावही परकं राहिलं. रिकामी झाल्यावर ती साध्या माणसाच्या हातात पडली, आणि त्याने तिच्याकडे भांड्याच्या डोळ्यांनी पाहिलं. नीट बघा, पुंगळीचे सगळे अवयव तांब्याचेच आहेत. बूड, पोट, खांदा, गळा, तोंड. पितळ ओळखणाऱ्या माणसाला एकही नवा शब्द लागत नाही.

हे पितळ जगभर पुन्हा वापरलं जातं. परदेशांत नेमबाजीचे आणि शिकारीचे शौकीन रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवतात आणि त्या पुन्हा भरतात. काही जण त्यापुढे जाऊन तिचा घाटच बदलतात. एका मापाच्या बंदुकीची पुंगळी पोलादी साच्यात दाबून दुसऱ्या मापाला बसती करतात, गळा अरुंद करतात किंवा रुंद, खांदा मागे सरकवतात, वाढलेलं तोंड कापून घेतात. ज्या जुन्या रायफलीची काडतुसं कारखान्यांनी केव्हाच बंद केली, ती अशा दुसऱ्याच पितळेवर पुन्हा चालू लागते. कारखानेही हेच करतात. 1952 मध्ये '.308 विंचेस्टर' हे काडतूस निघालं. 1955 मध्ये त्याचाच गळा आवळून '.243' आणि गळा फुगवून '.358' अशी दोन भावंडं झाली. बूड तेच, पोट तेच, फक्त गळ्याचा फरक. आपल्याकडे काडतूस बनवायला 1959 च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवाना लागतो, त्यामुळे हा घरगुती छंद इथे रुजला नाही. आपल्याकडे हे पितळ घडतं ते सरकारी कारखान्यांत, जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला आणि पुण्याजवळ खडकीला. खडकीचा कारखाना 1869 पासूनचा आहे. माझ्या पुंगळीच्या बुडावर 'के. एफ.' अशी दोन अक्षरं ठशाने उमटवली आहेत, म्हणजे 'किर्की फॅक्टरी'. खडकीची इंग्रजांच्या तोंडी किर्की झाली आणि ती तशीच पितळेवर ठसली.

घाट बदलणाऱ्याला सगळ्यात जास्त लागतो तो ताव. काडतुसाचं पितळ म्हणजे सुमारे 70 भाग तांबं आणि 30 भाग जस्त. हे पितळ थंडपणी ठोकलं, दाबलं, ओढलं की दर वेळी थोडं कडक होत जातं. पाच-सहा वेळा गळा आवळला आणि फुगवला की एके दिवशी तो उभा चिरतो. त्यावर उपाय एकच, त्याला ताव द्यायचा. गळा विस्तवाच्या आचेवर धरला की पितळेच्या आतल्या कणांची मांडणी नव्याने बसते आणि धातू पुन्हा मऊ होतो. पोलाद तापवून पाण्यात बुडवलं तर कडक होतं. पितळ तसं होत नाही, ते पाण्यात टाकलं तरी मऊच राहतं. आच मात्र गळ्यालाच द्यायची, बुडाला लागू द्यायची नाही. स्फोटाचा सगळा दाब बुडाला सोसायचा असतो, ते मऊ पडलं तर चालवणाऱ्याच्या जिवावर बेतेल. म्हणून जाणकार लोक पुंगळ्या पाण्याच्या थाळीत उभ्या करतात. बूड पाण्यात आणि गळा आचेवर.

ताव म्हणजे संस्कृतातला ताप, पण मराठीने त्याचं केवढं गोकुळ केलंय. मिशीला ताव देतात, पुरणपोळीवर ताव मारतात, आणि ज्याची पारख झाली तो माणूस तावून सुलाखून निघालेला असतो. या जोडीतला दुसरा शब्द 'सुलाख' फारसीतून आला. 'सूराख' म्हणजे भोक. नाणं किंवा दागिना खरा की खोटा हे ठरवायला आधी तो तापवायचा, मग त्याला भोक पाडून आतला धातू बघायचा. तावणं घरचं, सुलाखणं परक्याचं, पण दोघांची मिळून परीक्षा मराठी झाली. आणखी एक योग असा की मराठीत कागदाच्या मोठ्या पानालाही तावच म्हणतात. ज्या कागदाच्या तावातून काडतूस पहिल्यांदा गुंडाळलं गेलं आणि ज्या विस्तवाच्या तावाने त्याची पुंगळी आज पुन्हा घडते, ते दोन्ही मराठीच्या कानाला एकसारखे ऐकू येतात.

ताव न दिलेल्या पितळेचं काय होतं हे जगाला कळलं ते आपल्याच पावसाळ्यात. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या पलटणी पावसाळ्यात मोहिमा थांबवून काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवत. पावसाळा सरल्यावर पेट्या उघडल्या की कोणी हात न लावलेल्या काडतुसांना चिरा पडलेल्या असत. दोष पावसाळ्यात दिसे म्हणून त्याला ऋतूचंच नाव पडलं. खरं कारण 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या शास्त्रज्ञांनी उलगडून दाखवलं. घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर बसायचा, आणि ओढताना पितळेत जो ताण कोंडून राहिलेला असायचा, तो त्या जागी फुटून बाहेर पडायचा. घडवल्यानंतर बेताचा ताव दिला की तो ताण निवतो आणि चिरा पडत नाहीत. बाहेरून ठणठणीत दिसणारं पितळ आतल्या ताणाने फुटतं ही गोष्ट कासाराला आणि तांबटाला पुस्तकाशिवाय ठाऊक होती. दर थोड्या ठोक्यांनंतर भांडं भट्टीत घालायचं हा त्यांच्या हाताचा धर्मच आहे.

तांबट या नावात तो ठोका ऐकू येतो. संस्कृतात 'ताम्रकुट्ट', म्हणजे तांबं कुटणारा. कासार हा 'कांस्यकार', काशाचं काम करणारा. पुण्याच्या तांबट आळीत भांड्याच्या अंगावर लहान हातोडीने एकसारखे ठोके उमटवतात, त्याला मठारकाम म्हणतात. झाडावर बसून टुक टुक टुक असा एका लयीत घाव घालणाऱ्या हिरव्या पक्ष्याला आपण तांबट म्हणतो. इंग्रजीतही त्याचं नाव तांबं ठोकणाऱ्यावरूनच पडलंय. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता त्या पक्ष्याच्या गळ्यात एकच हातोडी ऐकली.

बंदुकीच्या भोवतालचे बहुतेक शब्द दूरदेशीचे आहेत. बंदूक अरबी 'बुंदुक'वरून आली. तो एका कवचीच्या फळाचा शब्द, पुढे गलोलीच्या गोळीचा आणि शेवटी हत्याराचा झाला. तुर्की 'तोप' म्हणजे गोळा, त्याची तोफ झाली. फारसी 'दारू' मुळात औषध. तुर्की 'चकमक' म्हणजे ठिणगी पाडणारी गार, तिच्यावरून आपण पोलिसांच्या आणि डाकूंच्या चकमकीपर्यंत आलो. फारसी 'बार' म्हणजे ओझं, भार. मराठीत बार बंदुकीत भरला, तळहातावर तंबाखूचा भरला, आणि वैशाखात मांडवात लग्नाचा बारही उडवला. पण जिथे हाताने काम करायचं तिथे शब्द घरचे राहिले. नळी, चाप, ठासणं. ठासणीची बंदूक कधीच गेली, तरी आपण आपला मुद्दा अजून ठासूनच मांडतो.

आता मोडीकडे येतो, कारण कासाराच्या त्या वाक्यातला सगळ्यात जड शब्द तोच होता. पितळेच्या नशिबी दोन वाटा असतात. एक मोडीची. भांडं भट्टीत जातं, वितळतं आणि त्याचा घाट कायमचा पुसला जातो. दुसरी तावाची. भांडं तेच राहतं, फक्त मऊ होऊन नव्या घाटाला बसतं. मोडीत काढणं हा वाक्प्रचार आपण जुन्या रीतींसाठी, बंद पडलेल्या कारखान्यांसाठी वापरतो, आणि पुष्कळदा शब्दांसाठीही.

शब्द मोडीत जातात हे खरं आहे. त्याचा दाखला नेवाशातच आहे. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, इथे ज्ञानेश्वरी सांगितली. त्या मराठीत सोन्याला 'भांगार' म्हणत, संस्कृत 'भृंगार'वरून. आज गोव्याच्या कोकणीत सोनं भांगरच आहे, आपल्याकडे मात्र तो शब्द गेला. आणि त्याच्यासारखाच कानाला लागणारा पण 'भंग'शी नातं सांगणारा 'भंगार' हा शब्द रस्त्यावरून आरोळी देत फिरतो. मुळं दोघांची वेगळी, तरी भांगाराच्या गावी आज भंगाराची आरोळी ऐकताना माझ्या मनाला चटका बसतो.

पण त्याच नेवाशात दुसरी वाटही दिसते. ज्या दगडी खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असं आपण मानतो, तो पैस खांब. दुर्गा भागवतांनी आपल्या पुस्तकालाच 'पैस' हे नाव दिलं आहे. पैस म्हणजे विस्तार, मोकळी जागा. नवखा यात्रेकरू त्याला पैशाशी जोडतो, कारण पैस हा सुटा शब्द आता कोणी बोलत नाही. तरीही तो गेलेला नाही. 'घर चांगलं ऐसपैस आहे' असं आपण रोज म्हणतो. पैस मोडीत गेला नाही. त्याला ताव मिळाला, 'ऐस'ची जोड मिळाली, आणि तो आपल्या दिवाणखान्यात येऊन बसला.

नेवाशातच प्रवरेच्या काठी लाडमोड नावाचं टेकाड आहे. 1954 ते 1956 या काळात ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं, तेव्हा अश्मयुगापासून मराठेशाहीपर्यंतचे थर उलगडले. ताम्रपाषाण काळातल्या एका बाळाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, आणि ती ओवलेल्या धाग्याचे अवशेषही. तीन हजारांवर वर्षं तो धागा टिकला तो तांब्याच्या संगतीने. गंजताना तांब्याचे क्षार धाग्यात उतरले आणि त्याला कुजू देईनात. धातूपेक्षा कितीतरी नाजूक वस्तू धातूच्या आडोशाने टिकते, हे त्या मातीत प्रत्यक्ष पाहायला मिळालं.

काडतूस या शब्दाचं मला आता तसंच वाटतं. कागद कधीच जळून गेला. त्याचं नाव मात्र पितळेच्या आडोशाने टिकलं. मराठीने त्या परक्या नावाचा गळा आपल्या घशाला बसेल असा आवळला, 'र'चा 'ड' केला, 'श'चा 'स' केला, बूड तेवढं तसंच ठेवलं. आणि जिथे आपलं स्वतःचं पितळ होतं, तिथे आपली पुंगळी पुढे केली. भाषेचं हे काम तांबटाच्या कामाहून वेगळं नाही. परका किंवा जुना शब्द हाती आला की त्याला भट्टीत ढकलायची घाई करू नये. आधी ताव द्यावा, आच कुठे लावायची आणि बूड कुठे थंड ठेवायचं हे बघावं, मग ठोका घालावा.

मोड या शब्दाला मराठीत दोन लिंगं आहेत. ती मोड म्हणजे तुटकं पितळ. तो मोड म्हणजे मटकीला रात्रीतून फुटणारा कोंब. कासाराच्या दुकानातून मी बाकीची मोड देऊन आलो आणि पुंगळी परत आणली. घरी धाकट्या भाचीने ती हातात घेतली आणि "हे काय?" म्हणून विचारलं. मी काडतूस म्हणालो नाही. तिच्या ओठाला ती लावली आणि फुंकर कशी मारायची ते दाखवलं. तिसऱ्या फुंकरीला शीळ निघाली.